उजळणीचं पुस्तक कोणासाठी?

माझी नात अमेरिकेत डॉक्टरकी शिकते. तिथे एकेका विषयाची परीक्षा असते, मुलं तिला ‘शेल्फ’ म्हणतात. 110 प्रश्न, 165 मिनिटं. तिने फोनवर विचारलं, “आजोबा, उजळणीची चार पुस्तकं समोर आहेत. कुठलं घेऊ?” मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला त्यातलं काय कळणार! पण हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे, सूत्र आणि भाष्याचा.

सूत्र आखूड असतं, कारण ते विवरण ऐकून झालेल्यासाठी असतं. उजळणीच्या पुस्तकात ओळ असते: फ्युरोसेमाइडने पोटॅशियम घटतं. केली पाठ. परीक्षेत मात्र एक आजीबाई येतात. लघवीची गोळी चालू, डिगॉक्सिनही चालू, आणि नाडी अनियमित. इथे ‘का’ ठाऊक हवं. मूत्रपिंडात पुढे सोडियम जास्त गेलं, ते परत घेताना पोटॅशियम बाहेर पडलं, आणि पोटॅशियम घटलं की डिगॉक्सिन जास्त बाधतं.

लिंडा कोस्टँझो यांनी शरीरक्रियाशास्त्राचं मोठं पाठ्यपुस्तक लिहिलं, उजळणीचं छोटंही लिहिलं. एकाच बाईंना दोन्ही लिहावीशी वाटली, हे मला बोलकं वाटतं.

नातीला म्हटलं, तुला पक्का येणारा एक धडा चारही पुस्तकांत वाच. ज्याची ओळ वाचताच मागचं कारण आपोआप आठवतं, ते घे. एकच घे.

“आणि पक्का येणारा धडाच नसेल तर?”

मग मूत्रपिंडापुरतं तरी आधी मोठं पुस्तक उघड, म्हटलं. परीक्षा तीन आठवड्यांवर होती.