टीव्हीपुढचे ताट

रात्रीचे आठ वाजले, की महाड-पोलादपूरकडच्या कोणत्याही वाडीत जाऊन पाहा. ओटीवर माणूस दिसणार नाही. आतून आवाज येईल तो मालिकेचा. घरची माणसे भिंतीला पाठ लावून बसलेली असतात. पुढ्यात ताट असते आणि डोळे समोर असतात. पाहुणा आला तर "या, बसा" म्हणतात, पण मान काही वळत नाही.

बंधुभगिनींनो, टीव्ही वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या या भागात पुष्कळ घरांतली तरुण माणसे मुंबईला. गावी राहतात ती म्हातारी दोघे. संध्याकाळ झाली की घर खायला उठते. अशा घरात त्या पेटीची सोबत वाटते. पावसापाण्याचा इशाराही तिच्यातूनच कळतो. ती फोडून टाका असे कोण म्हणेल? आम्हाला बोलायचे आहे ते तिच्यापुढे मांडलेल्या ताटाबद्दल.

आधी ही पेटी आली कशी ते थोडक्यात सांगतो. आपल्या देशात टीव्ही दिल्लीला सुरू झाला १९५९ साली. मुंबईचे केंद्र निघाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पण खेड्यांत टीव्हीचे खरे वेड लागले ते 'रामायण' मालिकेने. जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी ती लागे. तेव्हा सगळ्या गावात मिळून एखादाच टीव्ही. ज्यांच्या वाडीत तो नव्हता, ती माणसे पायवाटेने दुसऱ्या वाडीला जात. म्हणजे पाहा, तेव्हा टीव्ही पाहायलासुद्धा चालावे लागे! पाहताना कोणी खातही नसे. परक्याच्या घरी ताट कुठून येणार? आता पेटी घराघरात आली. आणि मोबाइल आल्यापासून ती खिशात शिरली. अंथरुणात पडूनही पाहता येते.

आता वजनाकडे वळू. वजन वाढते कसे? हा हिशोब कणगीसारखा आहे. भात झोडून आपण कणगीत भरतो आणि रोज लागेल तसे काढतो. काढण्यापेक्षा भरणे जास्त झाले तर कणगी फुगते. अंगाचेही तसेच. खाल्लेले अन्न कामात खर्च होते. जे खर्च होत नाही त्याची चरबी होते. ती अंगात साठते.

पूर्वी आपल्याकडे हा खर्च मोठा होता. रायगडाच्या पायऱ्या चौदाशेच्या वर आहेत. गडावरची धनगर माणसे दह्या-ताकाची भांडी घेऊन त्या चढत-उतरत. १९९६ पासून रोपवे आहे, त्यात बसले की काही मिनिटांत माणूस वर. ही झाली गडाची गोष्ट. गावातही तसेच झाले आहे. भात कांडायला उखळ होते, तिथे गिरणी आली. बाजाराला चालत जायचे, तिथे रिक्षा आली. नांगराच्या जागी यंत्र आले. हे चांगलेच झाले. बायांच्या हाताचे घट्टे गेले, त्याचे वाईट कोणाला वाटेल? पण जी भूक उखळापुढे लागायची, तेवढेच जेवण आपण आजही वाढून घेतो. वर उरलेला वेळ टीव्हीपुढे बसून काढतो.

तासभर चालले तर अंगातले जेवढे खर्च होते, त्याच्या तिसरा हिस्साच तासभर बसून होते. तिथे बसून नुसते बसावे, तर तसेही नाही. गौरी-गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात, ते पिशव्या भरून फरसाण, वेफर्स, बिस्किटे आणतात. बाकी दिवस वाडीतले दुकान आहेच. नाचणीचे पीठ शंभर ग्रॅम खाल्ले तर त्यातून सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी मिळतात. कॅलरी म्हणजे अन्नातली ताकद मोजायचे माप, जसे भाताला किलो. शंभर ग्रॅम बिस्किटांत त्या साडेचारशे असतात. वेफर्समध्ये पाचशेच्याही वर. शिवाय नाचणीत हाडांना लागणारा चुना भरपूर. वेफर्समध्ये तेल आणि मीठ. भाकरी पोटात राहते आणि भूक भागवते. वेफर्सची पिशवी रिकामी होते, तरी हात पिशवीतच असतो.

कोणी विचारील, "आवं मास्तर, जेवताना टीव्ही बघितला तर घास काय मोठा हुतो का?" प्रश्न बरोबर आहे. घास मोठा होत नाही, पण घास मोजले जात नाहीत. हे कोणी कसे ताडून पाहिले ते सांगतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया म्हणून प्रांत आहे. तिथल्या दोन शाळांतली आठ-नऊ वर्षांची मुले घेतली. एका शाळेत मुलांना फक्त टीव्ही कमी करायला शिकवले. आधी दहा दिवस पूर्ण बंद, मग आठवड्याला सात तास. दुसऱ्या शाळेत काही सांगितले नाही. वर्षाअखेर मुलांची उंची आणि वजन मोजले. पहिल्या शाळेतल्या मुलांचे वजन कमी वाढले होते. हे १९९९ साली छापून आले. यातली गंमत पुढे आहे. त्या मुलांचे खेळणे-पळणे काही फारसे वाढले नव्हते. कमी झाले होते ते टीव्हीपुढे बसून जेवणे. आम्ही इतकी वर्षे मुलांत काढली, पण मूल ओसरीवर जेवते की पडद्यापुढे, याने एवढा फरक पडत असेल असे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

इंग्लंडातला प्रयोग त्याहून साधा आहे. काही मुलींना दुपारचे जेवण दिले. काहींनी टीव्ही पाहत खाल्ले, काहींनी नुसतेच. पुढे दुपार कलल्यावर सगळ्यांपुढे बिस्किटे ठेवली. टीव्ही पाहत जेवलेल्या मुलींनी जास्त बिस्किटे खाल्ली. आपण काय जेवलो हेच त्यांना नीट आठवत नव्हते. पोट भरल्याची खूण नुसती पोटात नसते, ती मनातही असते. मन मालिकेतल्या सासूकडे असले, तर भाकरी दोन झाल्या की तीन, ते कोण सांगणार?

नुसत्या बसण्याचेही सांगतो. लंडन शहरात दुमजली बस असत. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करून तिकिटे फाडणारा. दोघे एकाच बसवर, एकाच कंपनीचे नोकर. डॉक्टर मॉरिस यांनी दोघांची प्रकृती तपासली आणि १९५३ साली जाहीर केले, की हृदयाचा विकार कंडक्टरांना कमी होतो. आपल्या एसटीच्या कंडक्टरला गर्दीतून वाट काढताना पाहिले की आम्हाला हे आठवते.

आपल्याकडे अंग सुटले की लोक म्हणतात, "खात्यापित्या घरचा आहे." ज्यांनी उपासमार पाहिली, त्यांना पोट दिसले की बरे वाटते. आम्ही त्यांना हसणार नाही. पण काळ पालटला आहे. सरकार देशभर घरोघर पाहणी करते. २००५-०६ साली दर शंभर बायांत बारा-तेरा जणींचे वजन जास्त होते. २०१९-२१ च्या पाहणीत चोवीस निघाल्या. पुरुषांत नऊ होते, ते तेवीस झाले. शहरात हे जास्त आहे, खेड्यात कमी. पण खेड्यातही वाढते आहे. एकेकाळी महाडकडच्या दवाखान्यात मोठी धास्ती होती ती विंचवाची. त्या दंशावर इलाज बसवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर याच भागातले, त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. विंचू डसला तर माणूस ओरडतो आणि लगेच दवाखाना गाठतो. साखरेचा आजार तसा नाही. तो वर्षानुवर्षे अंगात असतो आणि ओरडू देत नाही. डोळे, पाय, मूत्रपिंड बिघडले, की मग कळते.

आता घरी करून पाहण्याजोगी एक गोष्ट. वजनकाटा नको. एक सुतळी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत आपली उंची मोजून तेवढी कापा. ती मधोमध दुमडा. दुमडलेली सुतळी बेंबीवरून कमरेभोवती गुंडाळा. पोट आत ओढून धरू नका, ती आपलीच फसवणूक. दोन्ही टोके मिळून थोडी सुतळी उरली तर ठीक. टोके मिळतच नसतील तर पोटावर चरबी जास्त आहे. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, अशी माणसे आपल्यात पुष्कळ. त्यांनीही मोजावे. आपल्या देशातल्या माणसाला साखरेचा आजार गोऱ्या लोकांपेक्षा कमी वजनावरच गाठतो. पोटुशी बाई असेल तर तिने हे माप घेऊ नये.

सुतळी कमी पडली तर काय करायचे? उपास धरू नका. पहिली गोष्ट, ताट आणि टीव्ही यांची फारकत करा. आधी जेवण, मग मालिका. किंवा आधी मालिका, मग जेवण. घरात भांडण होईल, होऊ द्या. आठ दिवसांत अंगवळणी पडते. पाहताना खायची पिशवी जवळ नको. भूकच लागली तर उठून आत जावे, वाटीत मूठभर भाजलेले शेंगदाणे घ्यावे आणि डबा आतच ठेवावा. जाहिराती लागल्या की उठायचे. गुराला पाणी दाखवा, अंगणात फेरी मारा. एका मालिकेत जाहिराती काय कमी असतात? सकाळी वीस-पंचवीस मिनिटे भरभर चाललात, तर आठवड्याची दीडशे मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला तेवढी सांगितली आहेत. तीच संघटना म्हणते, वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये. भरवताना मोबाइल हातात देणाऱ्या आयांनी एवढे ऐकावे.

हे सगळे सर्वांना लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. पोलादपूरकडच्या ज्या वाड्यांत उन्हाळ्यात विहिरी आटतात, तिथली बाई हंडे डोक्यावर घेऊन डोंगर चढते. लावणीला दिवसभर चिखलात वाकते. ती रात्री घटकाभर टीव्हीपुढे टेकली तर तिला कोणी चालायला सांगू नये. तिला पोटभर अन्न आणि झोप पाहिजे. देशात अजून दर शंभर बायांत अठरा-एकोणीस जणी हडकुळ्या आहेत. पुष्कळ घरांत बाबाची सुतळी पुरत नाही आणि आईला मागाहून उरलेले मिळते. तिथे टीव्ही बंद करून सगळ्यांनी एका पंगतीला बसावे. कोणाच्या ताटात काय पडले ते निदान दिसेल.

तीस वर्षांवरच्या माणसाची साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. आशाताई घरी येऊन फॉर्म भरते, त्यात कमरेचेही माप असते. बाईला ८० सेंटिमीटर आणि पुरुषाला ९० सेंटिमीटर ही हद्द. आशाताई टेप घेऊन आली म्हणजे लाजू नका. कितीची भरली ते विचारून घ्या आणि दारामागे खडूने तारीख घालून लिहून ठेवा. आता लिहिता येते ना?