गादीवरचा मुलगा कोणत्या रकान्यात?

जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षात देशातील बेरोजगारी किती होती? पंधरा वर्षांवरील लोकसंख्येसाठी एकाच सरकारी पाहणीने दोन उत्तरे दिली आहेत : ३.२ टक्के आणि ४.९ टक्के. दोन्ही खरी आहेत. नयवाद जाणणाऱ्या वाचकांना याचे नवल वाटू नये.

पहिले उत्तर ‘नेहमीच्या स्थिती’चे. त्यात मागील ३६५ दिवस पाहतात. वर्षातील बराच काळ काम शोधण्यात गेला, तरी दुय्यम म्हणून किमान ३० दिवस काम केलेली व्यक्ती रोजगारात धरली जाते. दुसरे उत्तर ‘चालू साप्ताहिक स्थिती’चे. मागील सात दिवसांत एखादा तास काम केले असले, तरी माणूस बेरोजगार ठरत नाही. दांतवाला समितीच्या १९७० च्या अहवालानंतर, १९७२-७३ च्या पाहणीपासून, अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा हिशेब मांडणारी दैनंदिन स्थितीही मोजली जाई. २०१७-१८ पासूनच्या श्रमशक्ती पाहणीत तिला स्थान नाही. माझ्या मते ही उणीव आहे, कारण रिकामी दुपार तिलाच दिसत असे.

आपल्या घरांशी याचा निकटचा संबंध आहे. घरच्या व्यवसायात विनावेतन मदत करणारा कोणत्याही पद्धतीत रोजगारातच गणला जातो. २०२३-२४ मध्ये देशातील काम करणाऱ्यांपैकी सुमारे १९ टक्के अशा मदतनिसांचे होते. सुनेने दुकानाच्या मालाची पाकिटे भरली, तर ती काम करणारी. केवळ स्वयंपाक आणि वृद्धांची सेवा केली, तर श्रमशक्तीबाहेरची, म्हणजे बेरोजगारही नव्हे.

बँकेत कर्जप्रकरणे तपासताना नफा-तोटा पत्रकात नोकरांचा पगार दिसे, घरच्या माणसांचा क्वचितच. तो वजा केला, तर कित्येक पेढ्यांचा नफा निम्म्यावर येई आणि तीन भावांपैकी एकाचे काम दुकानाला खरोखर लागते का, हा नाजूक प्रश्न समोर उभा राही. अर्थशास्त्रात याला प्रच्छन्न बेरोजगारी म्हणतात. शेतीच्या उदाहरणाने ती शिकवली जाते, पण ती गादीवरही बसलेली असते.

समाजाच्या परिवार सूचीत ‘व्यवसाय : व्यापार’ या एकाच नोंदीखाली पेढीचा मालक, वडिलांच्या हाताखाली दिवसभर राबणारा आणि सी.ए.ची परीक्षा अर्ध्यावर सोडून दुपारपुरता येऊन बसणारा, असे तिघेही येतात. वधूपित्याला त्यावरून काय कळावे? पुढील सूचीच्या अर्जात आठवड्याचे कामाचे तास आणि स्वतंत्र मोबदला, हे दोन रकाने सहज वाढवता येतील. सरकारी पाहणीतही तास आणि कमाई विचारलीच जाते.