हा पाहुणा कुठला-कर?

ऑक्टोबर लागला की वांद्र्यात आमच्या गल्लीतल्या पिंपळावरून ‘चिस्वी, चिस्वी’ अशी बारीक, टोकदार हाक येऊ लागते. खाली रिक्षांची कटकट चालू असते, तरी ती कानात शिरते. पक्षी मात्र लवकर सापडत नाही. वारा नसताना एखादं पान हलतं, आणि त्याच्या खालच्या बाजूला लोंबकळून अळी टिपणारा हिरवट-करडा जीव दिसतो. डोळ्यावर फिकट भुवई, पंखावर जेमतेम जाणवणारी एक पांढुरकी रेघ. वजन सात-आठ ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढं. हा ग्रीनिश वॉर्बलर, आपल्याकडच्या वटवट्यांच्या गोतावळ्यातला हिवाळी पाहुणा. एकदा झाड धरलं की एप्रिलपर्यंत ते आपलंच, असा त्याचा खाक्या. ती हाक म्हणजे दुसऱ्या वटवट्याला दिलेली तंबी असते.

हा येतो कुठून, हे विचारण्याची जुनी पद्धत म्हणजे पायात कडं घालणं. तिचा वांद्र्याशी संबंध आहे, कारण पाली हिलवर राहणाऱ्या पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींनीच ती आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर रुजवली. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडतापाची साथ आली. सायबेरियाकडून येणारे पक्षी गोचिडांमार्फत हा विषाणू आणत असतील का, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून पक्षी धरून त्यांना कडी घालायला सुरुवात केली. कड्यावर क्रमांक आणि मुंबईला कळवा, एवढाच मजकूर. बदकं, पाणपक्षी यांच्या बाबतीत ही युक्ती बरी चालते. शिकारी असतात, जाळी असतात, कडं कुणाच्या तरी हाती लागतं. पण हजारो मैलांच्या जंगलात मेलेल्या वटवट्याच्या पायातलं कडं कोण शोधणार? ट्रान्समीटर बांधावा, तर पक्ष्याच्या वजनाच्या शेकडा पाचपेक्षा जास्त ओझं लादायचं नाही, हा संकेत. इथे ते अर्ध्या ग्रॅमहूनही कमी भरतं.

मग उरतो पक्ष्याच्या अंगातच लिहिलेला पत्ता. उपटलेल्या एका पिसाच्या देठाच्या टोकाशी जेवढ्या पेशी चिकटून येतात, तेवढ्यातून डीएनए मिळतो.

यातली मेख आपल्याला आडनावांवरून चटकन कळावी. अनोळखी माणूस भेटला की आपण आडनाव विचारतो आणि मनात गाव शोधतो. चिपळूणकर म्हटलं की काम झालं. पण पाटील किंवा कुलकर्णी म्हटलं तर काय कळणार? ते गावोगाव आहेत. (वांद्र्यात तर परेरा आणि डिसोझा. तिथे ही विद्या संपतेच.) पक्ष्यांच्या डीएनएमधल्या बहुतेक जागा अशा पाटील-कुलकर्णी असतात, सगळीकडे सारख्याच. शास्त्रज्ञ शोधतात ती ‘-कर’वाली मोजकी अक्षरं, जी एका प्रदेशातल्या पक्ष्यांत एक असतात आणि दुसऱ्या प्रदेशात वेगळी. यांनाच जनुकीय खुणा म्हणायचं.

हे किती नेमकं होऊ शकतं, ते अमेरिकेत क्रिस्टन रुएग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. विल्सन्स वॉर्बलर हाही असाच चिमुकला. त्याच्या डीएनएमधल्या लाखो बदलत्या जागांतून त्यांनी फक्त ९६ निवडल्या आणि सोळाशेंहून अधिक पक्ष्यांच्या नमुन्यांत त्या वाचल्या. विणीच्या प्रदेशांनुसार सहा गट वेगळे निघाले. मग हिवाळ्यात दक्षिणेत सापडलेलं पीस पाहून पक्षी कुठल्या गटातला, हे सांगता येऊ लागलं. एक मात्र आहे. गावांची यादीच हाती नसेल तर ‘-कर’ निरुपयोगी. आधी विणीच्या जंगलांत जाऊन नमुने गोळा करावे लागतात, खरा घाम तिथेच गळतो.

आपल्या वटवट्याच्या बाबतीत ही यादी बरीचशी तयार आहे, आणि तिची गोष्ट विलक्षण आहे. ही जात तिबेटच्या पठाराभोवती कडं करून वीण घालते: पश्चिम हिमालयातून मध्य आशियामार्गे पश्चिम सायबेरियापर्यंत एक बाजू, पूर्व हिमालय आणि चीनमधून पूर्व सायबेरियापर्यंत दुसरी. पक्षिशास्त्रज्ञ क्लॉड टाइसहर्स्टने १९३८ मध्ये हे कडं जतन केलेल्या नुसत्या कातड्या पाहून ओळखलं होतं. डॅरेन अर्विन, स्टाफान बेन्श आणि ट्रेव्हर प्राइस यांनी २००१ मध्ये त्याला गाण्यांची आणि डीएनएची जोड दिली. कड्यावरून पुढे सरकावं तसे पक्षी हळूहळू बदलत जातात. पण मध्य सायबेरियात दोन्ही टोकं भेटतात, तिथे ती एकमेकांना जवळजवळ परकीच असतात. गाणी वेगळी, पंखांवरच्या रेघाही वेगळ्या: पश्चिमेकडच्याला एक, पूर्वेकडच्याला दोन. २०१४ मध्ये अधिक बारकाईने जनुकसंच वाचल्यावर कळलं की हे कडं पूर्वी कधीतरी तुटलंही होतं. पाठ्यपुस्तकातलं सुबक चित्र जरा विस्कटलं. मला ते तसंच जास्त आवडतं.

आमच्या पिंपळावरचा पाहुणा एकरेघी, म्हणजे पश्चिमेकडचा. तो काश्मीरकर की सायबेरियाकर, हे दुर्बिणीतून सांगण्याची माझी हिंमत नाही, पीस सांगू शकेल. सायबेरियाकर असेल तर त्याच्या गावी शेजारच्याच झाडावर दोनरेघी भाऊबंद असण्याची शक्यता आहे. दोघं एकाच जंगलातून निघतात. हा तिबेटला पश्चिमेकडून वळसा घालून भारतात उतरतो, तो पूर्वेकडून आग्नेय आशियात. उडायची दिशा बरीचशी जन्मजात असते. दोघांचा संकर झालाच, तर पिल्लाच्या वाट्याला दोन्हींच्या मधली दिशा यायची. आणि मधल्या वाटेवर आहे तिबेटचं पठार.