बारा हात पुरे असताना तेरावा कशाला?

मागच्या व्हिडिओत मी पत्त्यांचा डाव मांडला, तर दोघातिघांनी विचारलं, "सर, धंदा शिकवता शिकवता पत्ते कुठून आले?" बरोबर आहे. पत्ते म्हटलं की आपल्याकडे ओट्यावरचा जुगारच डोळ्यासमोर येतो. पण ब्रिज वेगळा. 2018 च्या जकार्ता आशियाई खेळांत तो पहिल्यांदाच आला आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार यांनी जोडीच्या स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते! पुरुष संघाला कांस्य मिळालं, त्यात मुंबईचे जग्गी शिवदासानी होते.

मेंढीकोट खेळला असाल तर हुकूम, उतारी, हात हे तुम्हाला माहीत आहेच. ब्रिजमध्ये आधी बोली लागते: आम्ही इतके हात करू. तेरापैकी बारा हातांची बोली म्हणजे स्मॉल स्लॅम. ती पुरी केली की मोठा बोनस. एक हात कमी पडला की बोनस गेला, वर दंड.

आता डाव बघा. हुकूम इस्पिक. तुमच्याकडे राजा, नव्वी, छक्की, पंजी, तिर्री. समोर भिडूचे पत्ते उघडे मांडलेत: एक्का, दश्शी, सत्ती, चौकी. बाहेर राहिले चारच: राणी, गुलाम, अठ्ठी, दुर्री. बाकी रंगांत तुमचा एकही हात जाणार नाही. म्हणजे हुकमात एक हात गेला तरी चालतो, दोन गेले की बुडालात.

बहुतेक जण काय करतात? एक्का मारतात, मग राजा. बाहेरचे पत्ते दोन-दोन असले तर तेराही हात येतात. पण चारही डावीकडच्याकडे असले तर राणी आणि गुलाम दोन्ही हात घेऊन जातात.

सुरक्षित चाल अशी: आपल्या हातून तिर्री उतरा. डावीकडच्याने लहान पत्ता टाकला तर समोरून दश्शी लावा. उजवीकडच्याने ती राणी किंवा गुलामाने घेतली, तर घेऊ द्या. बाहेर दोनच पत्ते उरले, ते एक्का-राजाखाली येणारच. उजवीकडच्याकडे इस्पिक नसेल तर दश्शीनेच हात आला. आणि डावीकडच्याकडेच इस्पिक नसेल, तर एक्का घ्या आणि समोरून नव्वी-राजाकडे खेळा. पत्ते कसेही वाटले गेलेले असोत, एकापेक्षा जास्त हात जात नाही.

आता हिशोब. साध्या स्थितीत बारा हातांचे 980 गुण, तेरा केले तर 1010, बुडालात तर उणे 50. संघाच्या सामन्यात हा फरक तक्त्याने बदलतात: 30 गुणांचा 1, 1030 गुणांचा 14. दोन-दोन वाटणी शंभरात साधारण 41 वेळा येते. चारही डावीकडे, शंभरात जेमतेम 5 वेळा. म्हणजे हावेने खेळून फार तर 41 मिळतात आणि जवळपास 67 जातात. शंभरात पंच्याण्णव वेळा जिंकूनही खेळ तोट्याचा!

माझं ठिबकच्या सामानाचं दुकान. दुसऱ्या वर्षी मृगबागेच्या हंगामाचा सगळा माल रोखीत उचलला, का तर दोन टक्के जास्तीची सूट. खात्यात पुढच्या महिन्याचं भाडंसुद्धा ठेवलं नाही. जूनच्या सुरुवातीला वादळ आलं, केळी आडवी झाली. शेतकऱ्याकडे उधारी मागायला कोणत्या तोंडाने जाणार? शेवटी बायकोची पाटली गहाण टाकली. दोन टक्के म्हणजे तो तेरावा हात होता. माझी गरज होती दुकान चालू राहण्याची, ती तर अर्धा माल उचलूनही भागली असती.

पण एक गोष्ट लपवत नाही. सुरक्षित चाल प्रत्येक वेळी बरोबर नसते. जोडीच्या स्पर्धेत तेच पत्ते सगळ्या टेबलांवर खेळतात आणि बाकीच्यांपेक्षा 30 गुण जास्त झाले तरी क्रमांक वर जातो. तिथे तेराव्या हाताला किंमत आहे. म्हणून आधी आपला निकाल कशावर ठरतो ते बघा. ज्याच्याकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे, त्याने दोन टक्क्यांची सूट जरूर घ्यावी. ज्याची भिशी अजून फिटायची आहे, त्याने नाही.

घरात पत्त्यांचा जोड असेल तर आज हा डाव मांडाच. बाहेरचे चारही इस्पिक आधी डावीकडे द्या, मग उजवीकडे, आणि दोन्ही चालींनी खेळून बघा. पोराला समोर बसवलंत तर अजून बरं, तो तुमच्याआधी चूक पकडेल.