कॉम्प्युटरवर ‘ॲप स्टोअर’ आलं तेव्हा लोक खूशही झाले आणि वैतागलेही! का?

फोनवर एखादं ॲप हवं असेल तर आपण काय करतो? प्ले स्टोअर उघडतो, नाव टाइप करतो, ‘इन्स्टॉल’ दाबतो. आयफोन असेल तर ॲप स्टोअर. यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतही नाही.

पण पहिला लॅपटॉप हातात आला की गंमत होते. त्यातही स्टोअर असतं, तरी मित्र सांगतो, “अरे, ते सोड. वेबसाइटवर जा आणि सेटअप डाउनलोड कर.” क्रोम, व्हीएलसी, व्हीएस कोड, बहुतेक जण सगळं असंच घेतात.

मग लॅपटॉपवर स्टोअर दिलंय कशासाठी? आणि ते असूनही इतके लोक ते टाळतात का? हे समजून घ्यायला सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ॲपलचं मॅक ॲप स्टोअर. ते आलं २०११ मध्ये. जुनी गोष्ट आज काढायचं कारण असं, की तेव्हा मॅक वापरणाऱ्यांमध्ये जो वाद झाला, तोच आता तुमच्या ॲण्ड्रॉइड फोनपर्यंत येऊन पोहोचलाय. तो कसा, ते शेवटी बघू.

स्टोअरच्या आधी काय होतं?

फोनवर आपल्याला स्टोअरची सवय झालेली आहे, म्हणून ते नैसर्गिक वाटतं. कॉम्प्युटरचं उलटं आहे. तिथे कितीतरी वर्षं स्टोअर नव्हतंच. सॉफ्टवेअर सीडीवर यायचं, नंतर वेबसाइटवरून. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हाही अर्ध्या होस्टेलची सॉफ्टवेअर्स एकाच पेन ड्राइव्हमधून फिरत असायची. सोबत व्हायरसही फिरायचे, तो भाग वेगळा!

मॅकवर पद्धत अशी होती: वेबसाइटवरून डीएमजी फाइल डाउनलोड करा, ती उघडा, त्यातला आयकॉन ओढून ‘ॲप्लिकेशन्स’ फोल्डरमध्ये टाका. ॲप विकत घेतलं असेल तर ईमेलवर लायसन्स की यायची. ती जपून ठेवायची. अपडेट प्रत्येक ॲपचं वेगळं. माहितगार माणसाला हे सोपं वाटायचं, पण नवीन माणूस आयकॉन न ओढताच ॲप चालवत बसायचा आणि मग ‘माझं ॲप गेलं कुठे?’ म्हणून शोधायचा.

६ जानेवारी २०११

ऑक्टोबर २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सनी मॅकसाठी ॲप स्टोअरची घोषणा केली. ६ जानेवारी २०११ ला ते सुरू झालं. वेगळं काही बसवायची गरज नव्हती, स्नो लेपर्डच्या १०.६.६ अपडेटसोबतच ते कॉम्प्युटरवर आलं. सुरुवातीला १,००० हून जास्त ॲप्स होती आणि पहिल्याच दिवशी १० लाखांहून जास्त डाउनलोड झाल्याचं ॲपलने सांगितलं.

लोक खूश व्हायला कारणंही चांगली होती:

- एक क्लिक: डीएमजी नाही, लायसन्स की नाही. आयकॉन थेट खालच्या डॉकमध्ये.
- एकदा खरेदी, सगळ्या मॅकवर: घरात स्वतःचे दोन मॅक असतील तर दोनदा पैसे नाहीत.
- अपडेट एकाच जागी: आज हे फोनमुळे सवयीचं आहे, तेव्हा मॅकवर नवीन होतं.
- किमती उतरल्या: फोटो एडिटिंगचं ‘ॲपर्चर’ डब्यात १९९ डॉलरला मिळायचं, स्टोअरवर ७९.९९ डॉलरला आलं.

छोट्या डेव्हलपर्सनाही फायदा झाला. ‘पिक्सेलमेटर’ या फोटो एडिटरने स्टोअरवर पहिल्या २० दिवसांतच १० लाख डॉलरची विक्री केली. जाहिरातीला पैसे नसलेल्या छोट्या टीमसाठी ही फार मोठी गोष्ट होती.

मग वैतागले का?

आधीपासून मॅक वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या फालतू नव्हत्या.

पहिली तक्रार पैशांची. समजा तुम्ही एखादं ॲप वर्षभरापूर्वी डेव्हलपरच्या साइटवरून घेतलंय. आता तेच स्टोअरवर आलं. तुमची जुनी खरेदी स्टोअरमध्ये नेता येते का? नाही. स्टोअरमधून अपडेट हवे तर पुन्हा विकत घ्या. त्यात काही जुनी ॲप्स स्टोअरमध्ये ‘इन्स्टॉल्ड’ अशी दिसायची. लोकांना वाटायचं आपली खरेदी मान्य झाली, पण स्टोअरने फक्त कॉम्प्युटरवर ते ॲप आहे एवढंच ओळखलेलं असायचं.

दुसरी तक्रार ट्रायलची. मॅकवर ‘३० दिवस फुकट वापरा, आवडलं तर घ्या’ ही पद्धत रुळलेली होती. स्टोअरमध्ये ती सोय नव्हती. फोनवर एका डॉलरचं ॲप न बघता घेणं वेगळं, ५० डॉलरचं घेणं वेगळं. जुन्या ग्राहकाला नवीन व्हर्जन सवलतीत देण्याचीही सोय नव्हती.

तिसरी गोष्ट थोडी मजेशीर. पहिल्याच दिवशी लोकांना कळलं, की फुकट ॲपची पावती, म्हणजे ॲपच्या आत असलेली रिसीट फाइल, ‘अँग्री बर्ड्स’सारख्या विकतच्या ॲपमध्ये कॉपी करून टाकली तर ते चालतं! चूक त्या त्या ॲपच्या तपासणीत होती. पावती आहे का एवढंच बघितलं जायचं, ती कोणत्या ॲपची आहे हे नीट बघितलं जायचं नाही.

चौथी तक्रार इंटरनेटची. जुलै २०११ मध्ये ‘लायन’ ही नवीन सिस्टीम ॲपलने २९.९९ डॉलरला आणली, पण फक्त स्टोअरवरून. डाउनलोड जवळपास ४ जीबी. आज आपण एवढं दोन दिवसांच्या रील्समध्ये संपवतो, पण तेव्हा अनेकांच्या घरच्या कनेक्शनवर रात्रभराचं काम होतं. शेवटी ऑगस्टमध्ये ॲपलने पेन ड्राइव्हवरही लायन विकायला काढलं. किंमत मात्र ६९ डॉलर!

खरी ठिणगी: सँडबॉक्स

१ जून २०१२ पासून स्टोअरवरच्या ॲप्सना ‘सँडबॉक्सिंग’ सक्तीचं झालं. सोप्या भाषेत सांगतो. प्रत्येक ॲपला एक बंद खोली दिली जाते. खोलीबाहेरची वस्तू हवी असेल तर ॲपने आधीच तशी परवानगी मिळवलेली हवी, किंवा ती फाइल तुम्ही स्वतः निवडून त्याच्या हातात द्यायला हवी. फोनवरची ॲप्स अशीच चालतात. म्हणून तर टॉर्च ॲपने कॉन्टॅक्ट्स मागितले की आपल्याला शंका येते.

सुरक्षेच्या दृष्टीने ही कल्पना उत्तम आहे. अडचण अशी, की कॉम्प्युटरवरच्या काही ॲप्सचं कामच मुळी खोलीबाहेर असतं. प्रोग्रामरचा एडिटर घ्या. त्याला पूर्ण डिस्कवरच्या फाइल्स उघडायच्या असतात, दुसरे प्रोग्रॅम चालवायचे असतात. मी ऑफिसमध्ये आमच्या टीमच्या एका डेस्कटॉप टूलचं पॅकेजिंग सांभाळतो. सँडबॉक्स चालू केला की निम्मी फीचर्स बंद पडतात आणि प्रत्येकासाठी वेगळा मार्ग शोधावा लागतो. त्यामुळे मला या डेव्हलपर्सची कटकट नीट समजते.

परिणाम काय झाला? २०१४ मध्ये ‘कोडा’ आणि ‘बीबीएडिट’ ही नावाजलेली ॲप्स स्टोअरमधून बाहेर पडली. डिसेंबर २०१५ मध्ये डिझायनर लोकांचं आवडतं ‘स्केच’ बाहेर पडलं. त्यांनी दिलेली कारणं: रिव्ह्यूला लागणारा वेळ, सँडबॉक्सच्या मर्यादा आणि जुन्या ग्राहकांना सवलतीत अपग्रेड देता न येणं.

त्याच्या थोडंच आधी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, आणखी एक प्रकार झाला. स्टोअरच्या पावत्या तपासण्यासाठी लागणाऱ्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली आणि पैसे देऊन घेतलेली कितीतरी ॲप्स ‘डॅमेज्ड’ आहेत असा मेसेज दाखवून उघडेनात. ॲपमध्ये काहीच बिघाड नव्हता. आपलं ॲप दुसऱ्याच्या सर्टिफिकेटवर चालतं, हे अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

स्टोअर म्हणजे सुरक्षित, असं आहे का?

विंडोजची गोष्ट इथे सांगायलाच हवी. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टनेही स्टोअर आणलं. पण नेहमीची डेस्कटॉप सॉफ्टवेअर्स त्यातून इन्स्टॉल होत नव्हती, फक्त नव्या पद्धतीची ॲप्स मिळायची. ती रिकामी जागा नकली ॲप्सनी भरली. फुकट मिळणाऱ्या व्हीएलसीच्या नावाने लोक पैसे घेऊ लागले! ऑगस्ट २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिशाभूल करणारी १,५०० हून जास्त ॲप्स काढून टाकली.

म्हणजे स्टोअर असलं की सगळं सुरक्षित असं नाही. तपासणारा किती बारकाईने तपासतो, यावर सगळं आहे. २०२१ मध्ये विंडोज ११ सोबत हे स्टोअर नव्याने आलं आणि साधी डेस्कटॉप सॉफ्टवेअर्सही तिथे मिळायला लागली. आजची परिस्थिती तेव्हापेक्षा बरीच चांगली आहे.

मोठी भीती: ‘उद्या बाहेरचं काहीच चालू देणार नाहीत’

२०१० मध्येच अनेकांना वाटत होतं, की आज स्टोअर आणलंय, उद्या मॅकही आयफोनसारखा कुलूपबंद होईल. ही भीती खरी ठरली का? तर अजून नाही. मॅकवर आजही वेबसाइटवरून ॲप घेता येतं. २०१८ मध्ये स्टोअरचं रूप बदललं, त्यानंतर ऑफिस ३६५ तिथे आलं आणि २०१९ मध्ये बीबीएडिटही परतलं.

पण दार हळूहळू अरुंद होत गेलं, हेही खरं. २०१२ मध्ये ‘गेटकीपर’ आलं. त्यात तीन पर्याय होते: फक्त स्टोअर, स्टोअर आणि ओळख पटलेले डेव्हलपर, किंवा कुठूनही. २०१६ मध्ये ‘कुठूनही’ हा पर्याय सेटिंग्जमधून गायब झाला. २०१९ पासून बाहेरच्या ॲप्सनाही ॲपलकडून आपोआप होणारी तपासणी करून घ्यावी लागते. २०२४ मध्ये तपासणी न झालेलं ॲप उघडायचा राइट-क्लिकचा सोपा मार्गही बंद झाला, आता सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते.

माझ्या मते या सगळ्यात एक मुद्दा नीट लक्षात घ्यायला हवा. स्टोअर दोन वेगळी कामं एकत्र करतं. एक म्हणजे तपासणी: हे ॲप कुणी बनवलं, त्यात व्हायरस आहे का. दुसरं म्हणजे ताबा: काय विकायचं, कमिशन किती (मॅकवर सुरुवातीपासून साधारण ३० टक्के), ट्रायल द्यायची की नाही. खूश झालेले लोक पहिल्या कामाबद्दल बोलत होते, वैतागलेले दुसऱ्याबद्दल. दोघंही बरोबर होते. आणि गेटकीपरने दाखवून दिलं, की ताबा न घेताही बरीचशी तपासणी करता येते.

आता तुमच्या फोनचं बघू

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं, की प्रमाणित ॲण्ड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरबाहेरून येणाऱ्या ॲपच्या डेव्हलपरलाही आपली ओळख पटवावी लागेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून, बाकी जगात २०२७ पासून. यावर टीका झाल्यावर, जाणकार लोकांना धोका पत्करून इन्स्टॉल करायचा मार्ग ठेवू, असंही गूगलने सांगितलं.

यात कुणाची बाजू घ्यायची? आपल्याकडे व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल येते आणि ती उघडणाऱ्याचं बँक खातं रिकामं होतं. त्यामुळे तपासणी नकोच, असं मी म्हणणार नाही. पण कॉलेजचा एखादा विद्यार्थी स्वतःचं छोटं ॲप बनवून चार मित्रांना पाठवू इच्छित असेल, तर त्यालाही जागा राहायला हवी. तुमच्यापैकी अनेकांची सुरुवात तशीच होणार आहे.

तोवर लॅपटॉपवर काय कराल?

- नेहमीचं ॲप असेल (व्हॉट्सॲप, व्हीएलसी वगैरे) तर आधी स्टोअरमध्ये बघा. डेव्हलपरचं नाव वाचा, फक्त आयकॉन बघून भुलू नका.
- स्टोअरमध्ये नसेल किंवा तिथे फीचर्स कमी असतील तर थेट बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्या. सर्चमधल्या जाहिरातीच्या लिंकवर क्लिक करू नका.
- पैसे देण्याआधी ट्रायल कुठे मिळते आणि अपग्रेडचं काय, हे दोन्हीकडे तपासा.
- मेसेजमधून आलेली एपीके उघडू नका. ती मामांनी पाठवली असेल तरी आधी त्यांना फोन करा, कारण बऱ्याचदा त्यांचंच व्हॉट्सॲप हॅक झालेलं असतं.