ब्रेक नसलेली मोटारसायकल आणि चाहत्याचे काळीज

चार मोटारसायकली. प्रत्येकीला गिअर एकच, ब्रेक एकही नाही. 500 सीसीचे इंजिन, टाकीत पेट्रोलऐवजी मिथेनॉल आणि समोर माती-खडीची लंबगोल धावपट्टी. समोरच्या फिती झटक्यात वर उडाल्या की चौघे स्वार एकदम सुटतात. पहिल्याच वळणावर डावा पाय जमिनीला टेकवून ते मागचे चाक मुद्दाम घसरवतात, गाडी आडवी होते आणि तशीच वळते. डाव्या बुटाखाली पोलादी तळवा बांधलेला असतो, कारण तो पाय सगळ्या वळणांवर जमिनीवर घासत जातो. चार फेऱ्या, जेमतेम एक मिनिट, शर्यत संपली. काही मिनिटांनी पुढची. या खेळाला म्हणतात स्पीडवे.

आपल्याकडे हे नाव फारसे कोणी ऐकलेले नाही. पोलंडमध्ये मात्र याचे वेड आपल्या क्रिकेटच्या वेडाशी तुलना करावी असे आहे. गोझूव, तोरुन, लेश्नो यांसारख्या मध्यम आकाराच्या शहरांची ओळखच तिथल्या स्पीडवे संघामुळे आहे आणि वॉर्साच्या राष्ट्रीय स्टेडियमवर जागतिक मालिकेची फेरी असली की पन्नास हजारांवर माणसे जमतात. खेळाचा उगम साधारणपणे ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंड येथील डिसेंबर 1923च्या शर्यतींशी जोडला जातो. 1928मध्ये तो इंग्लंडात पोहोचला, 1936मध्ये वेम्ब्लीवर पहिला विश्वविजेता ठरला आणि 1995पासून जगज्जेतेपद ‘ग्रां प्री’ मालिकेतून ठरू लागले. ब्रिटन, स्वीडन, डेन्मार्क, पोलंड असा प्रवास करत या मालिकेच्या मागे फिरणारे चाहते आहेत. वर्षभराच्या रजा ते तिच्या वेळापत्रकावर बेततात.

स्वारांच्या शरीरावर काय गुदरते ते सगळ्यांना दिसते. कठड्याबाहेर उभ्या असलेल्या चाहत्याच्या शरीरात काय चालते ते दिसत नाही.

जुना चाहता ओळखायचा तो हातातल्या पेनवरून. मैदानात शिरताना तो कार्यक्रमपत्रिका विकत घेतो. तिच्यात प्रत्येक शर्यतीचा रकाना छापलेला असतो. लाल, निळे, पांढरे आणि पिवळे शिरस्त्राण कोणत्या स्वाराचे, कोण कितवा आला, वेळ किती लागला, हे तो स्वतःच्या हाताने भरतो. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, शेवटच्याला शून्य. ग्रां प्रीच्या एका संध्याकाळी अशा 23 शर्यती होतात. प्रत्येक शर्यतीनंतर बेरीज बदलते आणि कोण अंतिम फेरीत जाणार याचे गणित पुन्हा मांडावे लागते. सत्तरीतली माणसे हे झरझर करतात. कोपऱ्यात बसून शब्दकोडे सोडवण्यापेक्षा हे काही कमी नाही.

या खेळाचा ताण मात्र वेगळ्या जातीचा आहे. फुटबॉलचा सामना दीड तास चढत-उतरत जातो. इथे एक मिनिट श्वास रोखायचा, मग ट्रॅक्टर येऊन माती सारखी करेपर्यंत चहा प्यायचा, मग पुन्हा एक मिनिट. फिती उडण्याच्या आधीचे दोन-तीन सेकंद तर फार वाईट. त्या वेळी शरीरात ॲड्रेनलिन उसळते, नाडी वेगाने धावू लागते, रक्तदाब वर जातो. शरीराला वाटते की संकट आले आहे. पळायचे की लढायचे याची तयारी ते करून ठेवते आणि चाहता मात्र जागच्या जागी उभा असतो.

ही उसळी किती मोठी असते? कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये आइस हॉकीच्या चाहत्यांवर एक छोटा अभ्यास झाला. तो 2017मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकार नसलेल्या 20 जणांची नाडी सामना बघताना मोजली. टीव्हीवर बघणाऱ्यांची नाडी सरासरी 75 टक्क्यांनी वाढली आणि प्रत्यक्ष मैदानात बसलेल्यांची 110 टक्क्यांनी. म्हणजे मिनिटाला 70 ठोके असतील तर ते दीडशेच्या जवळ गेले. एवढी नाडी व्हायला एरवी चांगला घाम गाळावा लागतो. धडधाकट माणसाचे हृदय हे सहज पेलते. अडचण आहे ती ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्यांची.

याबाबतचा सगळ्यात गाजलेला अभ्यास 2006च्या फुटबॉल विश्वचषकातला आहे. जर्मनीचा संघ ज्या दिवशी खेळत होता त्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या तक्रारींचे प्रमाण एरवीच्या 2.66 पट झाले. पुरुषांत ते 3.26 पट होते, स्त्रियांत 1.82 पट. सर्वाधिक रुग्ण सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत आले. या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असल्याचे आधीपासून माहीत होते. पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. 1998मध्ये फ्रान्सने विश्वचषक जिंकला त्या दिवशी फ्रान्समधल्या पुरुषांचे हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू वाढले नाहीत, उलट कमी झाले. तेव्हा खेळ बघितला की झटका येतो असे सरसकट म्हणणे चुकीचे. आजारी हृदय, जोडीला बिअर, सिगारेट, तळलेले खाणे, झोपेची बोंब आणि गडबडीत राहून गेलेली गोळी या सगळ्यावर शेवटची ठिणगी पडते ती ताणाची.

स्पीडवेच्या चाहत्याने अलीकडे सोसलेला मोठा ताण 13 सप्टेंबर 2025चा. डेन्मार्कमधल्या वॉयेन्सची शेवटची फेरी. पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक सहाव्या विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर, ऑस्ट्रेलियाचा ब्रेडी कर्ट्झ त्याच्या अगदी पाठीशी. अंतिम शर्यत कर्ट्झने जिंकली. झ्मार्झलिक दुसरा आला आणि हंगामाची बेरीज केली तेव्हा तो एका गुणाने विश्वविजेता ठरला. सहा विजेतेपदे म्हणजे इव्हान मॉगर आणि टोनी रिकार्डसन यांची बरोबरी. शेवटची शर्यत जिंकूनही विजेतेपद गमावलेल्या स्वाराचे चाहते त्या रात्री शांत झोपले असतील असे वाटत नाही.

त्यातही ऑस्ट्रेलियातल्या चाहत्याची परवड वेगळीच. युरोपात संध्याकाळी सातला सुरू होणारी शर्यत सिडनीत पहाटे तीनला येते. भारतात ती रात्री साडेदहाला सुरू होऊन मध्यरात्रीनंतर संपते. त्यानंतरही अंगातले ॲड्रेनलिन लगेच उतरत नाही. वर्षातून दहा-बारा रात्री असे जागल्याने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्याने मात्र त्या रात्रीचे जेवण आणि गोळ्या नेहमीच्याच वेळी घ्याव्यात, शर्यतीच्या वेळेनुसार नव्हे. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवली आहे, त्यांनी खेळ सोडायची गरज नाही. हंगामापूर्वी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावे. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, अचानक दम लागणे. स्त्रियांत आणि मधुमेहींमध्ये कधी नुसती मळमळ नि अशक्तपणा. असे काही झाले तर ‘ही शर्यत होऊ दे, मग बघू’ म्हणू नये. स्पीडवेच्या मैदानावर रुग्णवाहिका आणि वैद्यकीय पथक हजर असावेच लागते, त्याशिवाय शर्यत सुरू होत नाही. ते पथक स्वारांसाठी असले, तरी कठड्यावरून हाक मारली तर ते ऐकू न येण्याइतके दूर नसते.

आता वासाविषयी. स्पीडवेच्या कुठल्याही जुन्या चाहत्याला विचारा, तो आधी वासाबद्दल बोलेल. हा वास जळक्या एरंडेलाचा. एरंडेल म्हटले की आपल्याकडच्या पन्नाशीपुढच्या माणसाचे तोंड आपोआप वाकडे होते. तिकडे त्याच वासाने लोकांचे डोळे पाणावतात. मिथेनॉलवर चालणाऱ्या इंजिनांना एरंडाच्या तेलापासून केलेले वंगण चांगले मानवते आणि कॅस्ट्रॉल हे नावही त्याच ‘कॅस्टर’ तेलावरून आले. जगात एरंडीचे सर्वाधिक उत्पादन भारतात, त्यातही मुख्यतः गुजरातेत होते. वासाने आठवण एवढी का चाळवते याला शारीरिक कारण आहे. गंधाची मज्जासंस्था मेंदूतल्या भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांशी फार जवळून जोडलेली आहे. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली शर्यत एका झुळकीसरशी परत येते.

वास एरंडेलाचा, पण टाकीतले मिथेनॉल हे प्रकरण साधे नाही. ते इंजिनाला थंड ठेवते आणि जास्त दाब सोसते म्हणून शर्यतीला सोयीचे. पोटात गेले तर मात्र यकृत त्याचे फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल करते. ते आम्ल डोळ्यांच्या नसा निकामी करते, रक्त आम्लधर्मी करते आणि जीव घेते. मुंबईतल्या मालवणीत जून 2015मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती याच मिथेनॉलने. प्रेक्षकांपर्यंत पोहोचणारा धूर त्या दृष्टीने काळजीचा नाही. शर्यतीनंतर चाहते स्वारांच्या सह्या घ्यायला गाड्यांपाशी जातात, तेव्हा मुलांना इंधनाच्या डब्यांपासून लांब ठेवावे. मिथेनॉल कातडीतूनही शरीरात जाते आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही.

कानांचा हिशेब सोपा आहे. 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला ती अवघी 15 मिनिटांची. एका संध्याकाळच्या 23 शर्यती म्हणजे 23 मिनिटे गर्जणारी इंजिने. फोमचे स्वस्त बोळे कानात घातले तर शर्यत तेवढीच रंगते. लहान मुलांना कान झाकणारे हेडफोन हवेतच. घरी गेल्यावर कानात किर्र आवाज येत राहिला, तर ते कानाने दिलेले तक्रारपत्र समजावे. वळणावर उडणाऱ्या मातीचे तर चाहत्यांना कौतुकच असते. दमेकऱ्याने वळणाऐवजी सरळ पट्ट्याजवळची जागा धरावी, पंप खिशात ठेवावा.

या सगळ्यापेक्षा अवघड गोष्ट आहे ती अपघातांची. मे 2012मध्ये इंग्लंडचा ली रिचर्डसन व्रोत्सवाफला शर्यतीत पडून गेला. ऑगस्ट 2015मध्ये ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड पोलंडमधल्या झेलोना गुरा येथे पडला. मणक्याला इजा झाली आणि तेविसाव्या वर्षी त्याचे पाय कायमचे गेले. 2010चा विश्वविजेता तोमाश गोलोब 2017मध्ये मोटोक्रॉसच्या अपघातात असाच व्हीलचेअरवर आला. वळणांवर आता हवा भरलेले कठडे असतात, त्यांनी पुष्कळ वाचवले. तरी धोका संपलेला नाही. स्वार पडला की हजारो माणसे एकदम गप्प होतात. ती शांतता ज्यांनी अनुभवली ते ती विसरत नाहीत. अपघात डोळ्यांदेखत पाहिल्यावर काही दिवस झोप न लागणे, तोच क्षण पुन्हा दिसणे हे स्वाभाविक आहे. महिना उलटूनही ते थांबले नाही तर बोलायला हवे, कोणाशी तरी.

चाहत्यांची एक सवय मात्र वैद्यकीय नजरेला खटकते. डोके आपटलेला स्वार उठून पुन्हा गाडीवर बसला की टाळ्यांचा कडकडाट होतो. मेंदूला हादरा बसलेला माणूस उभा राहू शकतो, हसूही शकतो, आणि तरी त्याचे भान, तोल, प्रतिक्रियेचा वेग बिघडलेला असतो. तशात दुसरा मार बसला तर तो जीवघेणा ठरू शकतो. त्याला बाहेर बसवणाऱ्या डॉक्टरची हुर्यो उडवणे हे प्रेम नव्हे. याच चाहत्यांची दुसरी सवय मोठी आहे. ब्रिटनमध्ये जखमी स्वारांसाठी कल्याण निधी आहे आणि मैदानांवर बादल्या फिरवून त्यासाठी पैसे जमवले जातात.

मग एवढे सगळे सोसून हा छंद आरोग्याला देतो काय? सोबत. इंग्लंडमधल्या 16 ते 85 वयाच्या 7,209 लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास 2023मध्ये आला. प्रत्यक्ष मैदानावर जाऊन खेळ पाहणाऱ्यांमध्ये आयुष्याबद्दलचे समाधान अधिक आणि एकटेपणा कमी आढळला. अशा पाहणीतून कारण आणि परिणाम पक्के ठरत नाहीत. समाधानी माणसेच जास्त बाहेर पडत असतील. पण स्पीडवेच्या बाबतीत हे पटण्यासारखे आहे. शर्यतींच्या मधल्या मोकळ्या मिनिटांत शेजाऱ्याशी बोलण्यावाचून दुसरे काम नसते. वर्षानुवर्षे तोच कठडा, तीच माणसे. बायको गेल्यानंतर घरात कोणी बोलायला नसलेल्या माणसाला आठवड्यातून एकदा नावाने हाक मारणारे दहाजण तिथे असतात. तो दोन आठवडे दिसला नाही तर फोन करणारेही तेच.

ब्रिटनमध्ये ही सोय आटत चालली आहे. कॉव्हेंट्रीजवळच्या ब्रँडन स्टेडियमवर 2016नंतर स्पीडवे झाला नाही. तिथे घरे बांधण्याच्या प्रस्तावाविरुद्ध चाहते वर्षानुवर्षे झगडत राहिले. 2023च्या हंगामाबरोबर पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन ही दोन्ही जुनी मैदाने या खेळाला मुकली. एकट्या पडलेल्या रुग्णाला गोळ्यांऐवजी एखाद्या मंडळाचा, छंदाचा पत्ता लिहून देण्याची पद्धत तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत आता रुळली आहे. वुल्व्हरहॅम्प्टनला वर्षानुवर्षे सोमवारची रात्र स्पीडवेची असायची. ते मैदान अजून तिथेच आहे, दिवेही लागतात. धावतात ती मात्र आता फक्त ग्रेहाउंड कुत्री.