पाण्याने आखलेली सफर

कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमच्या डिस्नीलँडमध्ये १८ मार्च १९६७ रोजी ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही नावेतली राइड सुरू झाली, तेव्हा वॉल्ट डिस्नी यांना जाऊन तीन महिने झाले होते. तिचं कौतुक होतं ते हलत्या-बोलत्या यांत्रिक चाच्यांमुळे. ते रास्तच आहे, पण या राइडला घाट दिला तो पाण्याने. मुळात नाव कुणाच्या डोक्यातच नव्हती. पार्कमधल्या न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरच्या तळघरात मेणाच्या चाच्यांचं, चालत बघायचं दालन व्हायचं होतं आणि खोदकामही झालं होतं. मग १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात डिस्नीच्या ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’च्या नावा प्रवाहाबरोबर अखंड सरकत राहिल्या आणि प्रचंड गर्दी विनासायास पार पडली. तिथेच, दुसऱ्या एका दालनात, यांत्रिक लिंकन खुर्चीतून उठून भाषण करत होता. चाच्यांच्या राइडमध्ये हे दोन्ही धडे एकत्र आले.

यावर कुणी म्हणेल, ही तर गर्दी हाकायची सोय. यात कला कुठली? पण सोय स्वीकारली की कलेलाही तिच्याप्रमाणे वळावं लागतं. चालणारा माणूस थबकतो, पुतळ्याचे सांधे निरखतो. नावेतल्याला ती मुभा नसते. म्हणून मार्क डेव्हिस यांनी रंगवलेले प्रसंग एका नजरेत कळतात. कोठडीतले कैदी गजांबाहेर हाडूक धरून कुत्र्याला चुचकारत असतात, आणि किल्ल्या त्या कुत्र्याच्याच तोंडात. पुलाच्या कठड्यावर बसलेल्या चाच्याचा मळका, केसाळ पाय खालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर लोंबत असतो. दोन प्रसंगांमधला अंधार, उजेड आणि जागेची खोली क्लॉड कोट्स यांनी सांभाळली. विनोद ठसायला तेही तितकंच लागतं.

सुरुवातीच्या दोन घसरणींमागेही अशीच अडचण आहे. पार्कभोवती मातीचा बांध, त्यावरून आगगाडी. राइड मोठी झाल्यावर तळघर पुरेना, म्हणून मुख्य दृश्यं बांधापलीकडच्या इमारतीत न्यावी लागली. रुळांखालून जायचं तर नाव खाली उतरणं भागच होतं. पण त्याच उतारामुळे सुरुवातीच्या शांत दलदलीतला प्रवासी थेट सांगाड्यांच्या गुहेत पोहोचतो. आधी मेलेले चाचे दिसतात, मग तेच जिवंत होऊन गाव लुटताना. आपण मागच्या काळात शिरलो, हे तेवढ्यावरून कळतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: यात सलग गोष्टच नाही. खरंच नाही. झेवियर अटेन्सिओ यांनी लिहिलेले संवाद एकमेकांवर आदळतात, अर्धे कानावर पडतात. पण पुढे-मागे नावा असताना प्रत्येकाला एकच वाक्य नेमक्या क्षणी ऐकवणं तेव्हा शक्यही नव्हतं. २०१६ च्या शांघायच्या राइडमध्ये चुंबकीय यंत्रणा नाव हवी तिथे वळवते, वेग बदलते. त्यामुळे तिथे याच नावाच्या चित्रपटांतल्या जॅक स्पॅरोची सरळ कथा सांगता आली. अ‍ॅनाहाइमला कथेऐवजी एक अख्खं गाव मिळालं, आणि गावात फेरफार करता येतात. २००६ मध्ये चित्रपटातला स्पॅरो तिथे येऊन बसला. २०१८ मध्ये बायकांच्या लिलावाचा प्रसंग बदलला आणि लिलावातली लाल केसांची स्त्री स्वतःच चाची झाली. मूळ रूप बिघडलं अशी ओरड झाली. पण बायकांची विक्री हसण्यावारी नेणारा प्रसंग केवळ जुना म्हणून जपावा, हे पटत नाही. शिवाय कथानकाचा धागाच नसल्याने तो प्रसंग बदलल्यावर बाकीचं काहीच उसवलं नाही. पन्नास वर्षांनंतरही ही राइड दुरुस्त करता येते, ती तिच्या आखणीतल्या या मोकळेपणामुळेच.